आतली साखळी

१

त्या दाराची साखळी आतून कोणी लावली, हे तिने पाहिलेले नाही. व्हरांड्यात बूट घालत बसणारा माणूसही तिने पाहिला नाही. तो पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार एकच होता, आणि तो चोर होता. तेव्हा या हकिकतीत जे येईल ते तिने कानांनी ऐकलेले, हातांनी चाचपलेले आणि नंतर थंड डोक्याने पुनःपुन्हा तपासलेले, एवढेच. तपासून त्यातले काही कमी झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

तपासणे हाच तिचा व्यवसाय. चोरीचा विमा उतरवण्याआधी विमा कंपनी तिला घर पाहायला पाठवी. ती घराभोवती संथ फेरी मारी, चोराच्या नजरेने भिंती न्याहाळी आणि मग मालकाला समोर बसवून सांगे. किल्ली कुंडीखाली ठेवू नका, चोर आधी कुंडीच उचलतो. खिडकीशी झुडूप वाढवू नका, तुम्हाला त्याची सावली आणि चोराला त्याचाच आडोसा. गावाला जाताना एका शेजाऱ्याला सांगा, अख्ख्या गल्लीला नको. लोक मान डोलावत. निम्मे लोक ती वळली की किल्ली परत कुंडीखाली ठेवत, हेही तिला माहीत होते.

घरात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. लग्न तिने केले नव्हते. लहानपणी उजवा घोटा मोडला होता, तो नीट सांधला गेला नाही, म्हणून चालताना उजवी टाच किंचित घासत जाई आणि प्रत्येक चपलेची उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजे. "तुला दारावर बेल कशाला हवी?" मावशी म्हणायची. "फाटकापासून कळतं, कुलूपबाई आल्या."

ही मावशी आता बैठ्या घरात एकटी होती. काका गेले त्याला फार काळ लोटला नव्हता, आणि गल्लीत चोऱ्यांचे सत्र सुरू झाले होते. चोऱ्या रात्री होतात हा लोकांचा लाडका गैरसमज. त्या गल्लीत त्या भर दुपारी होत, जेवणानंतर पडदे ओढले जातात, पंखे गरगरतात आणि सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी हळू होते, तेव्हा.

मावशीचा मुलगा दूरदेशी होता. त्याने फोनवर सरळ सांगितले, "ताई, तू घर बघ. तू सुरक्षित म्हणालीस तर आई तिथे राहील. नाही म्हणालीस तर मी येऊन घेऊन जातो आणि घर काढून टाकतो. तुझा शब्द शेवटचा."

फोन ठेवल्यावर मावशी उठली. तिने फक्त भिंतीवर हात ठेवला. भाजीबाजाराच्या गर्दीत लेकराच्या डोक्यावर ठेवतात, तसा.

२

ग्रिल बसले. झुडपे छाटली गेली. दारात बाहेरचा माणूस पाहायचे भिंग आले, आणि आतून एक जाड साखळी, दार चार बोटे उघडावे पण त्यातून हात जाऊ नये इतकीच लांब. दिव्याला आणि रेडिओला टायमर लावले. रेडिओवर तिने मुद्दाम भाषणांचे स्टेशन धरले. गाणी लावून माणूस विसरून जातो, बोलणे मात्र कोणीतरी ऐकत असल्याशिवाय चालू राहत नाही, हा तिचा सिद्धान्त.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "घरात पुरुष आहे असं दिसायला हवं."

"या वयात?" मावशी म्हणाली. "निवडायला थोडा वेळ तरी दे गं."

"मावशी!"

"बरं, बरं. सांग."

"काकांचे बूट कुठे आहेत?"

"देऊन टाकले. आणि असते तरी काय उपयोग? तुझ्या काकांचं पाऊल माझ्याहून लहान. ते बूट बघून चोर पळायचा नाही, आत येऊन चॉकलेट देईल."

हे खरे होते. काका अंगापिंडाने इतके बारीक की मावशी त्यांना चिमण्या म्हणायची, आणि तेही चारचौघांत. दोघे नकाशा कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसून रेषा ओढायचे. तिथेच जमले, घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न झाले आणि मग चिमण्या म्हणून हाका मारण्याला सासरी कोणी हरकत घेण्याची सोयच उरली नाही.

म्हणून तिने जुन्या बाजारातून बूट आणले. तपकिरी, भक्कम, भल्या मोठ्या मापाचे, कोणाच्या तरी पायाचा आकार घेतलेले. नवे बूट खोटे बोलतात हे तिला ठाऊक होते. कोणाचे होते, हे तिने विचारले नाही. विकणाऱ्यानेही सांगितले नाही. व्हरांड्यात, दाराशेजारच्या स्टँडवर, तिने ते भिंतीकडे तोंड करून ठेवले. घरात आलेला माणूस ठेवतो तसे.

"आणि बेल वाजली, की उघडण्याआधी आत तोंड करून हाक मारायची. 'अहो, कोण आलंय बघता का?' मोठ्यांदा. मग आपण जायचं."

"अहो?" मावशी हसता हसता खोकू लागली. "अगं, मी उभ्या जन्मात त्यांना अहो म्हटलं नाही. सासूबाईंनी एकदा म्हणायला लावलं, तर हे मागे वळून बघायला लागले, की वडील आले का!"

"चिमण्या म्हणून हाक मारलीस तर कोण घाबरेल? अहो म्हटलं की कसं, आत कोणीही असू शकतं."

मावशीने दोनतीनदा सराव केला. पहिल्यांदा तिला हसू आवरेना. दुसऱ्यांदा आवाज चोरटा निघाला. मग मात्र तिने मागच्या खोलीकडे मान वळवली, आणि इतक्या सहज, इतक्या संसारी कंटाळ्याने हाक मारली, की कुलूपबाईची नजरही आपसूक त्या खोलीकडे गेली. तिथे पडदा होता आणि पडद्यामागे पिवळे ऊन होते.

"जमलं," ती म्हणाली.

मुलाला तिने कळवले, घर सुरक्षित आहे.

३

त्यानंतर ती सवड काढून दुपारी जाऊ लागली. त्या घराच्या दुपारी पूर्वीपासूनच सुस्त, पण आता त्यांना एक गुंगी आली होती. रेडिओवर कोणीतरी पिकांवरच्या किडीविषयी बोलत असे, पंख्याचे पाते एका ठिकाणी कुरकुरे, आणि उजेड पडद्यांतून गाळून इतका मऊ येई की टेबलाच्या कडासुद्धा गोल वाटत. मावशी चेहऱ्याने निवांत दिसे. तिची झोप चांगली झाली होती.

"रेडिओचं काय केलंस?" कुलूपबाईने एकदा विचारले. "फार हळू लागतोय. बाहेर ऐकू जायला हवा ना?"

"मी नाही केला बाई. डोळा लागतो तेव्हा मोठा असतो, उठते तेव्हा हळू असतो. जुना झाला असेल."

रेडिओ नवा होता, तिनेच आणलेला. पण विजेचा दाब दुपारी कमीजास्त होतो, आणि तेवढे कारण पुरेसे होते.

निघताना ती चपला घालायला व्हरांड्यात वाकली आणि तिला दिसले की बुटांची तोंडे फाटकाकडे आहेत.

"झाडताना मीच फिरवले असतील," मावशी आतून म्हणाली.

ते सरळ करायला तिने एका बुटात बोटे घातली. बूट आतून उबदार होता.

ती तशीच वाकलेली राहिली. व्हरांडा उत्तरेकडे तोंड करून होता, तिथे ऊन पोचत नसे. पण दिवसभराची तापलेली भिंत उष्णता सोडते, चामडे ती धरून ठेवते. म्हणून तिने शेजारच्या मावशीच्या चपलेवर तळवा ठेवला. तिचाही तळ चामड्याचाच होता. तो थंड होता.

फाटकापर्यंत चालताना तिने स्वतःला बजावले, की एका निरीक्षणावरून अनुमान काढणे हा आळस आहे.

४

पुढच्या गल्लीत चोर पकडला गेला. पोलीस चौकीतला जमादार तिच्या ओळखीचा होता. विम्याच्या कामात त्याच्याशी वारंवार गाठ पडे. त्याने मुद्दाम बोलावून घेतले.

"बाई, तुमच्या मावशीचं घर त्याने हेरलं होतं बरं का. पण सोडलं."

"का सोडलं?"

"म्हणतो, म्हाताऱ्या बाईचा नवरा असतो घरी. तुमचे ते बूट, ती हाक! मानलं तुम्हाला."

समाधान माणसाला सावध राहू देत नाही. तिने हसून विचारले, "बूट बघून ओळखलं त्याने?"

जमादाराने कोपऱ्यातल्या बाकाकडे हनुवटी उडवली. "विचारा की त्यालाच. ए, सांग रे बाईंना."

बाकावरचा माणूस पन्नाशीचा, थकलेला, बँकेतल्या कारकुनासारखा दिसत होता. "बूट बघून कशाला? माणूस बघून," तो म्हणाला. "व्हरांड्यात बसलेला असतो खुर्चीवर. बूट घालत."

"म्हणजे बाहेर निघालेला?"

"नाही ना! तेच तर. मी समोरच्या झाडाखाली उभा राहायचो, म्हटलं घालेल आणि जाईल, मग बघू. तर तो वाकून नाडी बांधतोच आहे, बांधतोच आहे. संपतच नाही त्याचं. मला उभ्या उभ्या झोप यायला लागायची. खोटं नाही सांगत, धंद्यात असं कधी झालं नव्हतं."

"आणि चेहरा?"

"वाकलेला असतो, बाई. चेहरा कुठून दिसणार?"

जमादार खो खो हसला. "दारू पिऊन हेरायला जातो, आणि म्हणे झोप येते."

परतताना तिने सगळे क्रमाने मांडले. आपण एक भास उभा केला. ज्याच्यासाठी केला त्याला तो भासला. बूट दिसले की मन पाय जोडते, पाय जोडले की धड. यात नवल ते काय? औषध लागू पडले म्हणून वैद्याने घाबरायचे असते का?

युक्तिवादात खोट नव्हती. फक्त, त्या बुटांना नाड्या नव्हत्या. तिने ते घेतले तेव्हापासून नव्हत्या.

५

"ते अहो म्हणणं आता बंद केलं तर चालेल का गं?" मावशीने विचारले.

दोघी मागच्या खोलीत पलंगावर आडव्या होत्या. पुढच्या खोलीत रेडिओ पुटपुटत होता.

"का? चोर सापडला म्हणून? एक सापडला, बाकीचे आहेतच."

"तसं नाही." मावशी छताकडे बघत होती. "हाक मारली की खुर्ची वाजते."

"कुठली खुर्ची?"

"मी ज्या खोलीत नसते, त्या खोलीतली."

कुलूपबाई कुशीवर वळली. अशा वेळी माणसाला दुखवू नये एवढे तिला कळत होते. "मावशी, काका जाऊन फार दिवस नाही झाले. तुला वाटत असेल की ते..."

"वेडी आहेस का?" मावशी उठूनच बसली. "चिमण्या असता तर मी तुला सांगितलं तरी असतं का? दोघं मिळून तुझी मजा बघितली असती. पण अहो म्हटल्यावर चिमण्या येईल कशाला? ती हाक त्याची नाहीच. मी रोज कोणाला तरी घरात बोलावते आहे बाई, आणि तो कोण ते मला माहीत नाही."

पुढच्या खोलीतला रेडिओ एकदम हळू झाला. दुसऱ्या खोलीतले बोलणे नीट ऐकायचे असले की माणूस करतो, तसा.

कुलूपबाईने मनात विजेच्या दाबाचे कारण काढून पाहिले. पंखा त्याच वेगाने फिरत होता.

"तू सगळं बाहेरच्यासाठी केलंस," मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाली. "ग्रिल, साखळी, भिंग. सगळं आतून बाहेर बघतं. आतल्यासाठी काय करायचं असतं, ते सांग ना."

इतकी वर्षे लोकांना घरे सुरक्षित कशी ठेवायची ते शिकवत आलेली बाई उठली. तिने मावशीची बॅग भरली. "चार दिवस माझ्याकडे चल," ती म्हणाली. एवढेच तिला सुचले.

मावशीने रोजच्या चपला पायात घातल्या, दुसरा जोड बॅगेत टाकला. बूट स्टँडवर राहिले. ते उचलून फेकून द्यावेत असे कुलूपबाईला वाटले, पण त्यासाठी त्यांना हात लावावा लागला असता. रेडिओ तिने स्वतः बंद केला, मागच्या दाराचे दोन्ही बोल्ट आतून लावले, पुढचे दार ओढून लॅच लावून घेतले. साखळी आत लोंबत होती. बाहेरून ती लावता येत नाही.

फाटकाशी मावशी थांबली. वळून, सवयीने म्हणावे तसे, म्हणाली, "अहो, येते हं."

आणि मग तिने आपलेच तोंड हाताने दाबले.

६

मावशी तिच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बुजल्यासारखी राहत होती. बेल वाजली की दचकून तोंड मिटून बसायची. मुलाचा फोन आला की सांगायची, "मी घरीच आहे." डोळ्यांचे औषध तेवढे तिकडे राहिले होते.

"आण तू," ती म्हणाली. "पण कुलूपबाई, आत गेलीस तर कोणाला हाक मारू नकोस."

"मी कशाला मारते?"

"तेच म्हणते. आणि तुला कोणी मारली, तर ओ देऊ नकोस."

दुपार मऊ होती. गल्लीत चिटपाखरू नव्हते. झाडांच्या सावल्या रस्त्यावर सांडलेल्या पाण्यासारख्या पसरलेल्या, आणि तिला आपली टाच घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा लांबून आल्यासारखा वाटला. व्हरांड्यात खुर्ची रिकामी होती. स्टँडवर मोठे बूट होते, फाटकाकडे तोंड करून, आणि शेजारी बायकी चपलांचा एक जोड, भिंतीकडे तोंड करून. मावशीच्या, असे तिने धरले.

रिकाम्या घरात शिरण्याआधी बेल वाजवावी, हा तिचाच नियम. आत कोणी शिरले असेल तर त्याला मागच्या मागे जाऊ द्यावे. समोरासमोर गाठ पडण्यात शहाणपण नसते. तिने बेल वाजवली. थांबली. किल्ली फिरवली आणि दार ढकलले.

दार चार बोटे उघडले आणि साखळीला अडले.

त्या फटीतून तिला पुढच्या खोलीचा तुकडा दिसला. पिवळा उजेड, पडद्याची हलती कडा, टेबलावर कप. कपातून वाफ निघत होती. रेडिओ चालू होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत म्हणू या, तो हळू झाला.

मग दारापासून अगदी जवळ, फळीच्या पलीकडे, एक पुरुषी आवाज आत तोंड करून म्हणाला,

"अगं, कोण आलंय बघ गं."

तिला भीती वाटली नाही, हे तिला नंतर स्वतःशीच कबूल करावे लागले. उलट काहीतरी सैल झाले, कारण तो आवाज तिने ओळखला. माणूस नव्हे, आवाजातली युक्ती. किंचित मोठा केलेला, संसारी कंटाळ्याचा, आत कोणी नसताना मारलेल्या हाकेचा आवाज. तो एकटा होता. दारात अनोळखी बाई आली होती, आणि तिला शिकवले असते तेच तो अगदी बिनचूक करत होता. आता थोडे थांबायचे, मग म्हणायचे, 'कामात आहे वाटतं ती.'

ती थांबली. तोही थांबला असावा.

मागच्या खोलीत पलंग करकरला. कोणीतरी उठले. पडद्यापलीकडून पावले येऊ लागली, बिनघाईची, घरच्या बाईची. एक पाऊल पडे, आणि दुसरे किंचित घासत येई. एक पडे, एक घासे.

तिने आपल्या पायांकडे पाहिले. ते व्हरांड्यात स्तब्ध उभे होते.

७

जमादार आला, किल्लीवाला आला, साखळी कापली गेली. घर रिकामे होते. ग्रिल शाबूत, मागच्या दाराचे दोन्ही बोल्ट आतून जसेच्या तसे. टेबलावर कप होता, कोरडा. मावशीच तसा ठेवून गेली असेल. रेडिओ बंद होता.

"साखळी उडून अडकली असेल दार ओढताना," जमादार म्हणाला.

"उलट्या बाजूला खाच आहे, साहेब. उडून नाही अडकत ही," किल्लीवाला म्हणाला. जमादाराने त्याच्याकडे असे पाहिले की तो आपली हत्यारे गोळा करू लागला.

"माल तर सगळा जागेवर आहे ना, बाई? मग झालं तर! घर एकदम पक्कं केलंत तुम्ही. माशी शिरायची नाही."

हे खरे होते. त्या घरात बाहेरून कोणी शिरू शकत नाही, हा शब्द तिने दिला होता आणि तो आजही खोटा ठरला नव्हता. मावशीच्या मुलाला आता काय सांगायचे, हे ती औषधाची बाटली मुठीत धरून व्हरांड्यात उभ्या उभ्या ठरवत होती. घर सुरक्षित आहे म्हणावे तर मावशीला इथे परत यावे लागेल. नाही म्हणावे, तर का म्हणून विचारील.

दोघे पुरुष फाटकापर्यंत गेले. ती दार ओढून पायऱ्या उतरली. त्यांच्या मागे निघाली, तेवढ्यात किल्लीवाला वळून ओरडला,

"ताई, चपला राहिल्या की तुमच्या!"

तो स्टँडकडे बोट दाखवत होता. बुटांशेजारचा तो जोड आता फाटकाकडे तोंड करून होता. ती परत गेली आणि तिने त्यातली एक चप्पल उचलून उलटी केली. असल्या चपला तिने कधी घेतल्या नव्हत्या. मावशीचे दोन्ही जोड तिच्याच फ्लॅटमध्ये होते.

उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली होती, आणि चप्पल आतून उबदार होती.

तिच्या स्वतःच्या चपला तिच्या पायांत होत्या.